ज्ञानाची अमानत

ज्ञान मिळविणे हे पुण्यकर्म आहे, याविषयी आपल्यात दुमत नाही. परंतु मिळविलेल्या ज्ञानाचे आपण काय केले, याचाही जाब परलोकात द्यावा लागेल, याचे स्मरण कितीजणांना असते? वाचकहो, अणुविज्ञानाच्या इतिहासातील एका घटनेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू या.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोटाची शक्ती सुमारे ६ मेगाटन असेल, असा शास्त्रज्ञांचा हिशोब होता. प्रत्यक्षात ती १५ मेगाटन भरली. बॉम्बमधील लिथियम-७ हा घटक जवळजवळ निष्क्रिय राहील, असे त्यांनी गृहीत धरले होते. तो निष्क्रिय राहिला नाही. प्रवाळाची किरणोत्सर्गी भुकटी उंच आकाशात गेली आणि वाऱ्याने ती पूर्वेकडे वाहून नेली. सुमारे १६० किलोमीटर दूर असलेल्या रोंगेलाप बेटावर ती पांढऱ्या राखेसारखी पडत राहिली. अजाण मुले त्या राखेत खेळली. तेथील रहिवाशांना हलविले गेले ते दोन दिवसांनंतर. एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांवरही ही राख पडली. त्यांपैकी रेडिओचालक ऐकिची कुबोयामा हे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मरण पावले.

येथे कोणी म्हणेल, ‘हिशोब चुकला, त्यात दोष कोणाचा?’ कर्मांचे मूल्य हेतूवर ठरते, ही आपल्या धर्माची शिकवण आहे, हे खरे. परंतु त्याच शिकवणीचा दुसरा भागही ध्यानात घ्यावा. वैद्यकाचे पुरेसे ज्ञान नसताना जो उपचार करील, तो होणाऱ्या हानीस जबाबदार राहील, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. रोग्याचे वाईट व्हावे, असा त्या वैद्याचा हेतू नसतो. तरीही तो सुटत नाही. कारण अपुऱ्या ज्ञानाचा धोका त्याने स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्याच्या देहावर पत्करलेला असतो. बिकिनीला तर वारे प्रतिकूल होत असल्याची सूचना आदल्या रात्रीच मिळाली होती. शिवाय ही बेटे संयुक्त राष्ट्रसंघाने १९४७ साली अमेरिकेकडे विश्वस्त या नात्याने सोपविलेली होती. ज्यांची अमानत हाती होती, त्यांच्याच डोक्यावर ती राख पडली.

मग विज्ञानालाच दोष द्यावा काय? नाही. १९५८ पासून अमेरिकेतील सेंट लुईस शहरात काही वैज्ञानिकांनी आणि नागरिकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्यास आरंभ केला. स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य गुणधर्माने कॅल्शियमसारखे असल्यामुळे गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत व दातांत शिरते. स्फोटांची संख्या वाढली तसतसे त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत त्याचे प्रमाणही वाढल्याचे या तपासणीत दिसले. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वातावरणातील चाचण्या बंद करण्याचा करार केला. त्यामागे जे लोकमत उभे राहिले, त्याला अशा संशोधनाचे बळ होते. ज्या शास्त्राने राख उडविली, त्याच शास्त्राने तिच्याविरुद्ध साक्ष दिली. सत्य साक्ष लपवू नये, हा कुरआनचा आदेश येथे प्रयोगशाळेत पाळला गेला.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे कोबाल्ट-६० च्या किरणांनी कांद्याला मोड येणे थांबविले जाते. अशाच किरणांनी रुग्णालयांत कर्करोगाच्या गाठींवर उपचार होतात. अणूला स्वतःची नीती नसते. ती मानवाच्या अंगी असावी लागते, कारण खलीफा म्हणून पृथ्वीवर मानवाला नेमले आहे, अणूला नव्हे. सूरह रहमानमध्ये आकाश उंचावल्याच्या उल्लेखालगतच मीझानचा, म्हणजे तोलाचा उल्लेख येतो आणि त्या तोलात अतिरेक न करण्याची ताकीद दिली जाते.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोडे अणुशास्त्रज्ञ होतील. परंतु शेतात विषारी औषध फवारणारा, रुग्णाला गोळी देणारा, कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडणारा, असा प्रत्येकजण आपल्या ज्ञानाचा भार दुसऱ्याच्या जिवावर टाकीत असतो. तेव्हा मुलांना विज्ञान अवश्य शिकवा. पण त्यासोबत हा प्रश्नही शिकवा, की माझा हिशोब चुकला तर राख कोणाच्या अंगणात पडेल? कणभर भलाई आणि कणभर बुराईही ज्या दिवशी समोर मांडली जाईल, त्या दिवशी ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर पुरेसे ठरेल, असे मानून चालणे शहाणपणाचे नाही.