पोराच्या हक्काची गोधडी

निगडी प्राधिकरणातल्या एखाद्या जुन्या घराचा माळा उपसा, गोधडी सापडेलच. टेल्कोत, बजाजमध्ये नोकरीला लागलेली माणसं साताऱ्याहून, बीडहून, खानदेशातून आली ती वळकटीत आईच्या हातची गोधडी घेऊन. आत नऊवारीचे थर आणि सबंध अंगभर बारीक धावदोरा.

आज ती आठवली ऑपरेशनला जाणाऱ्या मुलांमुळे. थिएटर थंडगार असतं. भुलीखाली शरीराला ऊब राखता येत नाही, आणि तान्ह्यांचं अंग तर फार लवकर गार पडतं. तिथं डॉक्टर त्यांची साधनं वापरतात. आपल्या गोधडीला मज्जाव, आणि तो रास्तच. पण त्याआधीचे तास? पोट रिकामं, हाताला सुई, भोवती अनोळखी चेहरे. तेव्हा मुठीत धरायला स्वतःचं काहीतरी लागतं. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट लायनस'चे स्वयंसेवक आजारी मुलांसाठी अशीच पांघरुणं शिवतात, विणतात. पांघरूण मुलाचंच होतं, घरी जातं. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

आपल्याकडे शिवणाऱ्या हातांची वानवा नाही. भजनी मंडळानं मनावर घेतलं तर दुपारी गप्पा मारता मारता अशी गोधडी होईल. फक्त इथं जुनेर नको. नवं सुती कापड घ्या, टिकल्या-बटणं टाळा, टाका पक्का घाला. ती गरम पाण्यात धुवावी लागते. आणि दहा वर्षांच्या पोराचेही पाय झाकले जातील एवढी लांब करा, दुपटी सगळेच शिवतात. मात्र कात्री हातात घेण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरना विचारा, काय चालतं ते त्या सांगतील.