'सॉरी'चं जर्मन काय?

इंग्रजीतून जर्मनमध्ये भाषांतर करताना तत्त्वज्ञानातले जडजंबाल शब्द मला फारसे छळत नाहीत. छळतो तो 'सॉरी'. मराठीतही आपण तो दिवसातून दहादा वापरतो, म्हणून त्याच्या पोटात दोन गोष्टी आहेत हे लक्षातच येत नाही. 'आजोबा गेल्याचं कळलं, सॉरी' यात कुणी काही कबूल करत नाही. 'तुझा फोन माझ्या हातून पडला, सॉरी' यात करतं.

जर्मनमध्ये 'एस टूट मिअर लाइट' म्हणजे, याचं मला दुःख होतं. 'एन्टशुल्डिगुंग' वेगळा. त्यात 'शुल्ड' आहे, म्हणजे दोष. त्याचंच अनेकवचन 'शुल्डन' म्हणजे कर्ज. एन्टशुल्डिगुंग म्हणजे दोषातून सुटका, आणि भाषेबाबत काटेकोर जर्मन माणसं सांगतात की ती स्वतःच स्वतःला देता येत नाही, समोरच्याकडे मागावी लागते. कर्ज सावकारानं माफ करायचं, कर्जदारानं नव्हे. (बसमध्ये धक्का लागल्यावर मात्र लोक नुसतं 'शुल्डिगुंग' पुटपुटून पुढे सरकतात. हल्ली तर 'सॉरी'च.)

आता समजा, एका इंग्रजी रुग्णालयाचं पत्र आहे. ऑपरेशननंतर पेशंट दगावली, मुलगी जर्मनीत राहते. पत्रात एवढंच: जे घडलं त्याबद्दल वुई आर सॉरी. 'बेडाउअर्न', म्हणजे खेद, असं लिहिलं तर रुग्णालय हात झटकतंय असं वाटेल. 'एन्टशुल्डिगुंग' मागितली तर त्यांनी न दिलेली कबुली मी त्यांच्या तोंडी घालते. इंग्लंडमध्ये तर २००६च्या कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्टमध्ये लिहावं लागलं, की माफी मागणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा मान्य करणं नव्हे. म्हणजे हा गोंधळ कायद्यालाही ठाऊक आहे.

मी 'एस टूट उन्स लाइट' लिहीन. ते दुःखालाही चालतं, माफीलाही. म्हणजे धूसरपणा शाबूत राहतो. मग मी रुग्णालयाला लपायला मदत करतेय का? मला तसं वाटत नाही. पत्र इंग्रजीत वाचणाऱ्या भावाला जेवढं कळलं, तेवढंच बहिणीला कळायला हवं. मी अर्थ ठरवून टाकला, तर चूक कुणाची हा तिचा प्रश्न ती मला विचारेल. तो तिनं रुग्णालयाला विचारायला हवा.

खाली एक टीप मात्र देईन: मूळ शब्दाचा अर्थ खेद असाही होतो, माफी असाही. रुग्णालयाला ती आवडणार नाही.