आधी पडवीत पाय धू

उभा राहा. प्रोग्राम एरर न देता चालला म्हणून मघाशी दात काढत होतास ना? आता त्यानं काय दिवे लावलेत ते बघ.

गुहागरातल्या घरगुती खोल्यांची यादी होती. जेसॉन फाइलीत खोल्या "2", अवतरणचिन्हांत. म्हणजे तो मजकूर, आकडा नव्हे. तू त्यात 1 मिळवलास. जावास्क्रिप्टनं 2 पुढे 1 चिकटवला आणि बिचाऱ्यांच्या घरात 21 खोल्या झाल्या! दुसऱ्या घराचं भाडं नल. नल गुणिले तीन रात्री, बिल शून्य. जेवणाचं तेवढं घेणार होतास की तेही फुकट?

"सर, टाइप लिहिलाय." लिहिलायस, दिसतंय. टाइपस्क्रिप्टला 'ॲज खोली' सांगून मोकळा झालास. अरे, कंपाइल झालं की ते टाइप पुसले जातात. चालत्या प्रोग्रामात तपासायला कोणी उरत नाही. पेटीवर हापूस लिहिलं म्हणून आतल्या रायवळाचा हापूस होतो का?

आता नकाशा. जिओजेसॉनमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. गुहागर साधारण 73.2, 17.5. तू उलटं वाचलंस. दोन्ही आकडेच, त्यामुळे टाइपनं हूं की चूं केलं नाही, आणि आपलं गुहागर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडलं. म्हणून नुसता टाइप नाही, आकडा आपल्याच भागात पडतो का ही मर्यादाही तपासायची.

आणि तारीख? जेसॉनमध्ये प्रकार सहाच: मजकूर, संख्या, खरं-खोटं, नल, यादी, ऑब्जेक्ट. तारीख त्यात नाहीच. "05/04/2025" हे ब्राउझरनं 4 मे वाचलं; पाहुणे 5 एप्रिललाच दारात उभे. 2025-04-05 असं लिहून घ्यायला किती कष्ट पडतात?

जेसॉन पार्स झालं म्हणजे कंस आणि स्वल्पविराम जागेवर आहेत, एवढंच. घरी बाहेरून आलास की पडवीत पाय धुतल्याशिवाय आजी तुला माजघरात घेते का? इथंही तेच. आलेला माल 'अननोन' धरायचा. एकाच फंक्शनात एकेक फील्ड तपासायचं. सगळं बरोबर असेल तरच खोलीचा ऑब्जेक्ट बनवायचा, नाहीतर रेकॉर्ड परत. मग आतल्या कोडला पुन्हा शंका घ्यावी लागत नाही. झॉडसारखी तपासणीची तयार लायब्ररी नंतर वापर. पहिल्यांदा हातानं लिही.

उद्या मी मुद्दाम बिघडवलेली फाइल देणार आहे. तुझ्या प्रोग्रामनं ती गपगुमान गिळली, तर नापास. कुठलं फील्ड, का चुकलं हे सांगून परत केली, तर पास. बस खाली.