राखण

ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहतो. माळ्यावर गोफण घेऊन माणूस बसतो आणि दिवसभर पाखरं हाकलतो. संध्याकाळी त्याला कुणी विचारत नाही, की बाबा, तू आज काय काम केलंस? राखण केली, एवढं उत्तर पुरतं आणि त्याची हजेरी त्याला मिळते. द्राक्षबागेला राखणदार असतो. पाणी सुटलं की दाऱ्यावर रात्रभर माणूस असतो. फक्त बांधावर बसवलेल्या पोराला राखणदार नसतो. त्याची राखण हेही काम आहे, असं आपण धरतच नाही. ती आईनं कामातून मान वर करून करायची. पोर हरवलं तर दोषही तिचाच. हे न्यायाचं आहे का, एवढंच मला विचारायचं आहे.

आमचा भाग जुन्नरचा, कुकडीच्या कालव्यावर भिजणारा. उन्हाळी कांदा निघाला की बाहेरगावच्या बाया कामाला येतात. पाच-सहा वर्षांमागं शेजारच्या वावरात कांदा काटणी चालली होती. बारा-तेरा बाया होत्या. त्यांची सहा पोरं बांधावरच्या आंब्याखाली होती आणि त्यांच्यावर नजर ठेवायला आठ वर्षांची एक पोरगी. दुपारी भाकरी सोडायच्या वेळेला कळलं, की त्या पोरीचा तीन वर्षांचा भाऊ दिसत नाही.

मग जे होतं तेच झालं. बाया हाका मारत चारी दिशांना पळाल्या. आई जागच्या जागी गोल फिरायला लागली. मालक तिच्यावर ओरडत होता. आम्ही बांध ओलांडून गेलो तेव्हा कांदा वाहायच्या ट्रॅक्टरवर एक पोरगा चढला होता, कालव्याकडं जाऊन बघतो म्हणून. तेवढ्यात टोळीतली सगळ्यांत म्हातारी बाई, तिला सगळेच मावशी म्हणायचे, ट्रॅक्टरपुढं येऊन उभी राहिली. "चाक हलवू नगं. ती मोटार बंद करा. समद्यांनी आधी गप ऱ्हावा."

मोटार बंद झाली. कान देऊन ऐकलं, पण रडणं ऐकू आलं नाही. मग तिनं माणसं वाटली. दोघं शेततळ्यावर, एक विहिरीवर, दोघं कालव्याच्या कडेनं खालच्या अंगाला. "आधी पाणी बघा. ऊस मागनं. उसातलं पोर दम धरंल, पाण्यातलं धरत न्हाई." आईला तिनं आंब्याखालीच बसवलं, कारण पोर परत आलं तर तिथंच येणार. मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही जरा ट्रॉलीखाली वाका."

ट्रॉलीच्या मागल्या चाकाला टेकून पोरगं झोपलं होतं. उन्हाचं सावलीला गेलेलं. एवढ्या हाका झाल्या तरी उठलं नव्हतं. ट्रॅक्टर सुरू करून जरा मागं घेतला असता तर काय झालं असतं, ते त्या दिवशी कुणी तोंडातून काढलं नाही.

त्या म्हातारीनं जे केलं ते प्रत्येक बांधावर माहीत असायला पाहिजे. चाकं थांबवायची, आवाज थांबवायचा, पहिलं पाणी बघायचं, पोर शेवटचं दिसलं तिथं एक माणूस ठेवायचं. लहान पोर झोपलेलं असतं, नाहीतर मार बसंल म्हणून लपलेलं असतं. परक्याच्या ओरडण्याला ते ओ देत नाही. त्याला घरच्या नावानं, घरच्याच माणसानं हाक मारावी. उसात शिरायचं तर ओळीनं, एकमेकांना हाका देत आणि दिवस असताना शिरावं. आमच्याकडचा ऊस बिबट्याचं घर झालाय, अंधार पडायची वाट बघू नये. आणि बघताक्षणी पोर सापडलं नाही तर एकानं ११२ ला फोन लावावा, बाकीच्यांनी शोध चालू ठेवावा. चोवीस तास थांबावं लागतं, असं अजून गावोगाव ऐकू येतं. तसं काही नाही. हरवलेल्या पोराची तक्रार लगेच गुन्हा म्हणून नोंदवायची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच सांगितलंय.

पण मला त्या दिवसातलं जास्त लक्षात राहिलंय ते पोर सापडल्यानंतरचं. आईनं त्याला आधी एक चापट मारली आणि मग छातीशी धरून रडायला लागली. मालक अजून तापलेला होता. म्हणाला, "बाई, पोराकडं ध्यान ठेवता येत नाही का?" तेव्हा मावशी म्हणाली, "मालक, सकाळी आठाला तुम्ही तिचं हात घेतलं. आता डोळं इळ्यावर ठिवायचं का पोरावर, तेवढं सांगा."

याला कुणाकडंच उत्तर नव्हतं. माझ्याकडंही लगेच नव्हतं. मीही बायांना हजेरीनं लावणारा शेतकरीच आहे.

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं, की आम्ही असेच वाढलो. खरं आहे. बाभळीला झोळी बांधून आया खुरपायला जायच्या. पण जी वाढली नाहीत ती बोलायला कुठं आहेत? शिवाय तेव्हाचं शिवार वेगळं होतं. विहिरीला पायऱ्या होत्या. आता शेततळं आहे. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तळी वाढली आणि दुष्काळात पिकं जगली, हे मी नाकारत नाही. पण त्यातला कागद ओला झाला की धडधाकट माणूसही वर येताना घसरतो, पोराचं काय घेऊन बसलात? कोरड्या गेलेल्या बोअरचं तोंड नऊ इंचाचं, त्यात मोठं माणूस मावत नाही, पोर मात्र जातं. २००६ साली हरियाणात कुरुक्षेत्राजवळ असंच एक पोर साठ फूट खाली गेलं. लष्करानं शेजारच्या विहिरीतून बोगदा खणून त्याला दोन दिवसांनी जिवंत वर काढलं. सारा देश टीव्हीसमोर बसला होता. २०१० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बंद बोअर तळापासून बुजवा. आपल्या शिवारात किती बुजल्या, ते ज्यानं त्यानं फिरून बघावं. तळ्याला कुंपण, कडेला बांधलेला दोर, बोअरला झाकण, ही कामं आईची नाहीत. ती जमीन ज्याची, त्याची आहेत.

दुसरं उत्तर असतं, पोरं आणूच नका. मग ठेवायची कुठं? अंगणवाडीत तिसऱ्या वर्षापासून बसवतात आणि तीही काही तासच. बाहेरगावच्या बाईला तर तेही नाही. घरी थोरली पोरगी असली की तिची शाळा बुडते. त्या आठ वर्षांच्या पोरीला त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, पण ती संध्याकाळपर्यंत एकटीच आंब्याच्या बुंध्याला तोंड लावून बसली होती. तिच्या वयाला झेपणार नाही एवढं ओझं आपण तिच्यावर ठेवलं होतं.

तिसरं उत्तर खरं आहे, ते म्हणजे परवडत नाही. कांद्याचा भाव कोसळला की काढणीची मजुरीही निघत नाही, हे मी भोगलंय. पण सरकारनं रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात एक साधा हिशेब घालून ठेवला होता. कामावर बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असली, तर त्यातली एक बाई पोरं सांभाळायला ठेवायची आणि तिला बाकीच्यांएवढीच मजुरी द्यायची. खाजगी वावराला हा नियम नाही. पण ज्यात न्याय आहे ते नियम नसतानाही करता येतं. बारा हजेऱ्यांत तेरावी हजेरी डोळ्यांची. कांद्याच्या राखणीला आपण पैसे मोजतो. मग पोराच्या राखणीलाच ते जड का व्हावेत?

तेव्हापासून आमच्या वावरात काढणीला पाचाच्या वर पोरं आली की एक बाई झाडाखाली बसते. सकाळी सगळ्यांदेखत पोरं मोजून नावानिशी तिच्या ताब्यात द्यायची. सगळ्यांनी लक्ष ठेवा म्हटलं की कुणीच ठेवत नाही. पहिल्या वर्षी बाया हसल्या. बसून हजेरी कसली, म्हणून एका तरण्या बाईची चेष्टा झाली. सात पोरं होती. कुणी तळ्याकडं पळतंय, कुणी मुंग्या खातंय, एकाला झोप, एकाला भूक. दिवस मावळताना ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "दादा, उद्या मला कांद्यात घाला. ह्यो धंदा लई अवघड हाय."

तिची हजेरी मी इतरांबरोबर वहीत लिहिली. कामाच्या रकान्यात लिहिलं, राखण.