अरवनाचे खळे आणि मंडळीचा संगणक

शास्त्रभाग : २ शमुवेल २४:१८-२५



अरवना यबूसीने दावीद राजाला होमासाठी बैल आणि सरपणासाठी औते फुकट देऊ केली होती. दाविदाने ती तशी घेतली नाहीत. स्वतःला काही खर्च न पडता परमेश्वराला अर्पण करणे त्याला रुचेना. पन्नास शेकेल रुपे मोजून त्याने खळे व बैल विकत घेतले.

अरवना तर मालक होता आणि राजीखुशीने देत होता! मंडळीच्या कचेरीत दुकानदार किंवा एखादा हुशार तरुण विंडोजवर 'अॅक्टिव्हेटर' चालवून देतो, तेव्हा मालकाला कोणी विचारलेलेच नसते.

हे साधन करते काय? मोठ्या संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टची केएमएस नावाची सोय आहे. संस्थेचा एक सर्व्हर तिच्या इतर संगणकांना मान्यता देतो, आणि ती १८० दिवसांच्या आत ताजी करावी लागते. अॅक्टिव्हेटर त्या सर्व्हरचे सोंग घेतो. तो बसवताना बहुधा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून दार उघडायचे. २०२१ मध्ये केएमएसपिको या अॅक्टिव्हेटरच्या नावाखाली क्रिप्टबॉट नावाचा चोर प्रोग्रॅम पसरल्याचे उघडकीस आले. ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती तो उचलून नेई. आपल्या संगणकात बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी असतात, बँकेचा व्यवहार असतो. विधवेची दमडी ज्या खात्यात जमा होते, त्याची किल्ली आपण कोणाच्या हाती देत आहोत?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हाही गुन्हा आहे. पण कायद्याचे भय हे मला यातले सर्वांत लहान कारण वाटते.

"मंडळी गरीब आहे," असे पंच म्हणतील. खरे आहे. म्हणूनच लिबरऑफिस घ्या, उबुंटू घ्या. ती कर्त्यांनीच सर्वांसाठी मोफत ठेवली आहेत, तेव्हा घेताना संकोच नको. विंडोजच हवे असेल तर संगणक परवान्यासह विकत घ्या आणि बिलावर तसे लिहून मागा. पात्र सेवाभावी संस्थांना मायक्रोसॉफ्ट सवलतही देते. त्यासाठी ट्रस्टच्या नोंदणीचे कागद शोधून ठेवावेत. (ते कोणत्या कपाटात आहेत, हे बहुधा जुन्या चिटणिसांनाच ठाऊक असते.)

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस एक सूचना. जुने पाठ युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेले असतील, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर अक्षरे भलतीच दिसतील. ते पाठ आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्या, आणि नाताळच्या गडबडीपूर्वी घ्या.