तीन किलो तांदूळ

मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. १५ ऑगस्ट १९९५ ला सरकारनं शाळेतल्या पोरांसाठी पोषण आहाराची योजना काढली. पण आमच्या शाळेत ना चूल, ना भांडी. म्हणून जेवणाऐवजी पोरामागं महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा. अट एकच, हजेरी ८० टक्के पाहिजे.

आमचा मुलूख ज्वारीचा. भात सणाला, नाहीतर आजारपणात. पहिल्यांदा पिशवी डोक्यावर घेऊन घरी आलो तेव्हा आजी म्हणाली, "कमवून आणलं गं माझ्या बाळानं!" त्या रात्री घरातली सात माणसं भात जेवली. माझ्या वाट्याला चारच घास आले, पण छाती फुगली होती. पुढं अंगात ताप असला तरी मी शाळा बुडवली नाही.

माझ्याशेजारी बसणारा मात्र दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा. तो परत आला त्याच आठवड्यात वाटप होतं. तोही पिशवी घेऊन रांगेत उभा राहिला. गुरुजींनी हजेरीपटावर बोट फिरवलं आणि मान हलवली. रिकाम्या पिशवीची घडी घालत तो माझ्या अंगावरून गेला. मला ते बरोबरच वाटलं. मी कमावलं होतं, त्यानं नव्हतं.

आज वाटतं, मी काय कमावलं होतं? घरी दोन वेळची भाकर होती म्हणून मी शाळेत बसू शकलो. पोटासाठी ज्याला गाव सोडावं लागलं, त्याचाच तांदूळ त्या अटीनं अडवला.

२००१ साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, शिजवलेलंच जेवण द्या. मग शाळेत खिचडी आली. धाकटी बहीण तिथंच जेवू लागली. आई कुरकुरायची, "पयलं बरं हुतं. घरात चार दाणं तरी यायचं." तिचंही चुकत नव्हतं. पण बहिणीच्या ताटातली खिचडी बहिणीच्याच पोटात जायची, आणि त्या दिवशी जो येईल तो जेवायचा.

पुढं मीही मास्तर झालो. तेव्हा वाचलं, फिनलंड १९४८ पासून शाळेतल्या सगळ्याच पोरांना फुकट जेवू घालतं. गरिबाचं पोर आणि श्रीमंताचं पोर असा भेद नाही. जपानात पोरंच वर्गात एकमेकांना वाढतात आणि गुरुजीही त्यांच्याबरोबर तेच जेवतात. जेवायला बसताना तिथं कुणाला आपण पात्र आहोत हे सिद्ध करावं लागत नाही.

माझ्या वर्गात एक पोर आहे. चार-चार दिवस दिसत नाही, आणि येतं ते नेमकं खिचडीच्या वेळेला. सोबतचे गुरुजी म्हणतात, "खायला तेवढं येतंय बघा."

मी म्हणतो, "येऊ द्या की." आणि त्याला सांगतो, "हात धू. ताट घे. बस."