मनुष्य कोठून आला, आणि त्याची योग्यता कशावरून ठरते?

शब्बाथ शाळेंत लहान मुलास प्रथम जे प्रश्न विचारण्यांत येतात, त्यांत त्याला उत्पन्न करणारा कोण, हा एक असतो; आणि देव, हें उत्तर तें मूल न अडखळतां देतें. पुढें तेंच मूल दहावीच्या इयत्तेंत जातें. महाराष्ट्र राज्याच्या मंडळानें २०१८ सालीं लागू केलेल्या विज्ञानाच्या पुस्तकांत, दुसऱ्या भागाचा पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांति ह्यांविषयीं आहे. तेथें त्यास कळतें कीं, मनुष्य एकाएकीं आजच्या रूपांत प्रगट झाला नाहीं. लाखों वर्षांच्या क्रमानें तो ह्या रूपास आला. उचगांवासारख्या, कोल्हापूर शहराच्या वेशीस टेकलेल्या गांवांत असें मूल एकाच आठवड्यांत दोन्ही गोष्टी ऐकतें, आणि घरीं येऊन विचारतें, ह्यांतील खरें काय? बाप म्हणतो, परीक्षेपुरतें लिही व विसरून जा. उपदेशक म्हणतो, असले प्रश्न सैतान मनांत घालतो. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें वाईट आहेत. पहिलें उत्तर मुलास खोटेपणा शिकवितें. दुसरें त्याचें तोंड बंद करितें, परंतु मनांतील शंका तेथेंच राहते. ह्यास्तव ह्या विषयाचा आपण शांतपणें विचार करूं.

आधीं हें लक्षांत घ्यावें कीं, मनुष्य कोठून आला, हा प्रश्न आपल्या प्रांतांत केवळ पंडितांचा कधींच नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांत दोन प्रसिद्ध सूक्तें आहेत. १२९ व्या सूक्ताचा ऋषि जगाच्या आरंभाविषयीं प्रश्नावर प्रश्न विचारतो, आणि ह्याचें उत्तर वर राहून पाहणारासहि ठाऊक असेल कीं नसेल, अशी शंका घेऊन थांबतो. त्याची ही नम्रता आदरास पात्र आहे. परंतु ९० व्या सूक्तांत पुरुषाचें मुख तो ब्राह्मण, बाहु ते क्षत्रिय, मांड्या त्या वैश्य, आणि पायांपासून शूद्र झाला, असें वर्णन आहे. गांवकीच्या व्यवहारांत पहिलें सूक्त कोणास आठवलें नाहीं. दुसरें मात्र सर्वांच्या मानेवर येऊन बसलें. ज्यांस ह्या चारांतहि जागा नव्हती, त्यांचा वाडा वेशीबाहेर राहिला. जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गुलामगिरी' ह्या पुस्तकांत ह्या उत्पत्तिकथेवरच प्रथम घाव घातला, तो ह्याच कारणानें.

कोल्हापूरकरांस तर हें अधिक सांगावयास नको. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवरील कार्तिकस्नानाच्या वेळीं शाहू छत्रपतींकरितां वेदोक्त मंत्र न म्हणतां पुराणोक्त मंत्र म्हणण्यांत येतात, ही गोष्ट उघडकीस आली. राजा झाला तरी तो जन्मानें शूद्रच, असें त्यामागील म्हणणें होतें. वाद पेटला, छत्रपतींनीं राजोपाध्यांचीं इनामें काढून घेतलीं, आणि २६ जुलै १९०२ च्या आज्ञेनें संस्थानच्या नोकरींत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या. जन्माची एक कथा, आणि कोणी कोणता मंत्र ऐकावा, कोणी शिकावें, कोणी कचेरींत खुर्चीवर बसावें, हें सर्व तिच्यावर टांगलेलें! गादीवरच्या राजास जी कथा सोडीना, ती बांधावरच्या मजुरास कशी सोडील?

आतां आपल्या पवित्र शास्त्राकडे वळूं. इस्राएल लोकांच्या शेजारीं, बाबेल देशांत, एक निराळी उत्पत्तिकथा चालू होती. तिच्या मातीच्या पाट्या एकोणिसाव्या शतकांत निनवेच्या उकिरड्यांतून निघाल्या, व जॉर्ज स्मिथ ह्यांनीं १८७६ सालीं त्यांचें भाषांतर छापिलें. त्या कथेंत, ठार केलेल्या एका देवाच्या रक्तापासून मनुष्य केला आहे, आणि कशासाठीं? देवांस कष्ट करावे लागूं नयेत म्हणून. म्हणजे मनुष्य हा देवांचा वेठबिगारी. त्या मुलखांत देवाची प्रतिमा असें कोणास म्हणण्यांत आलें, तर तें राजास. उत्पत्तीचा पहिला अध्याय हें सर्व उलटून टाकितो. त्यांत सूर्य व चंद्र हे पूजेचे देव नसून टांगलेले दिवे आहेत. आणि देवाचें प्रतिरूप म्हणजे राजा नव्हे, तर मनुष्यमात्र, नर तसाच नारी. आदाम हें नांवहि कांहीं मोठ्या कुळाचें नाहीं. इब्री भाषेंत आदाम म्हणजे मनुष्य, व आदामा म्हणजे जमीन. पाटलाची माती निराळी व वेशीबाहेरच्याची निराळी, असें तेथें लिहिलेलें नाहीं.

हा त्या अध्यायांचा गाभा आहे. परंतु ते अध्याय सृष्टीचा कालक्रम शिकविण्याकरितां लिहिले आहेत काय? वाचक स्वतः पुस्तक उघडून पाहो. पहिल्या अध्यायांत प्रकाश पहिल्या दिवशीं आहे व सूर्य चौथ्या दिवशीं. त्यांत पशु आधीं व मनुष्य शेवटीं. दुसऱ्या अध्यायाच्या वर्णनांत मनुष्य आधीं व पशु मागाहून. लिहिणारांस हा भेद दिसत नव्हता, असें मानणें म्हणजे त्यांस मूर्ख ठरविणें होय. ४३० सालीं निवर्तलेले आगस्तीन ह्यांस डार्विन ठाऊक नव्हते. तरी ते दिवस आपल्यासारखे साधे दिवस नव्हत, असें त्यांनीं लिहिलें, आणि आकाश व पृथ्वी ह्यांविषयीं ख्रिस्ती लोकांनीं अज्ञानाचीं विधानें केल्यास जाणते लोक आपल्या मुख्य संदेशासहि हसतील, असा इशारा दिला. जगाची उत्पत्ति ख्रिस्तापूर्वीं ४००४ सालीं झाली, हा आंकडा पवित्र शास्त्रांतील नव्हे. आयर्लंडांतील आर्चबिशप जेम्स अशर ह्यांनीं १६५० सालीं छापिलेल्या ग्रंथांत वंशावळींवरून बांधलेला तो हिशेब होता. पुढें तो इंग्रजी बायबलाच्या समासांत छापूं लागले, आणि समासांतील आंकडा लोकांस वचनासारखा वाटूं लागला.

आतां सृष्टिशास्त्राचें म्हणणें ऐकूं. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरास आले १८५२ सालीं, व डार्विन ह्यांचें प्रसिद्ध पुस्तक निघालें १८५९ सालीं. म्हणजे ह्या भागांत सुवार्ता प्रथम ऐकणारांपुढें हा प्रश्न उभाच नव्हता. आपल्या मुलांस तो टाळतां येत नाहीं. तथापि त्यांतील मुख्य कल्पना शेतकऱ्यास परकी नाहीं. बियाण्यासाठीं तो भरदार कणसें निवडून ठेवितो, व पिढ्यान्पिढ्या असें केल्यानें वाण बदलत जातें. डार्विन ह्यांनींहि आपल्या पुस्तकाचा आरंभ पाळीव जनावरांच्या व पारव्यांच्या अशाच निवडीनें केला. जेथें निवडणारा मनुष्य नाहीं, तेथें परिस्थितिच चाळणीचें काम करिते. औषधाला न जुमानणारे थोडे किडे वांचतात. पुढची पिलावळ त्यांचीच असते. आणि कांहीं वर्षांनीं तें औषध पाण्यासारखें होतें. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीनें २०१७ सालीं विदर्भांत जी नासाडी केली, तिच्या मुळाशीं हेंच होतें. जें वाण तिला मारण्यासाठीं काढलें, तेंच ती पचवूं लागली होती.

मनुष्य माकडापासून झाला, असें हें शास्त्र म्हणतें, ही समजूत चुकीची आहे. एका गांवांत एकाच मूळ पुरुषाच्या दोन भावक्या असतात. एक भावकी दुसरीची आजा नसते, दोघींचा आजा एक असतो. आज जिवंत असलेला चिंपांझी आणि आपण ह्यांचा मूळ पुरुष एक होता, व सुमारें ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीं त्या भावक्या वेगळ्या झाल्या, असें शास्त्रज्ञ मानतात. ह्याला पुरावा काय? एक घरगुती पुरावा पहा. आवळा, पेरू, लिंबू ह्यांतील जें जीवनसत्त्व न मिळाल्यास आपल्या हिरड्यांतून रक्त येतें, तें शेळी आपल्या शरीरांतच तयार करिते. तें तयार करणारें जनुक आपल्याहि शरीरांत आहे, पण मोडलेलें. आणि चिंपांझीसारख्या वानरांत तेंच जनुक तसेंच मोडलेलें सांपडतें. दोन घरच्या दस्तऐवजांत एकच चूक एकाच ठिकाणीं आढळली, तर ते एकाच मूळ कागदावरून उतरले, असें कोणताहि कारकून सांगेल.

काळाविषयींहि पुरावा दूर शोधावयास नको. आपल्या पायांखालचा काळा पाषाण सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. नर्मदेच्या तीरीं, मध्य प्रदेशांतील हथनोरा येथें, अरुण सोनकिया ह्यांस १९८२ सालीं प्राचीन मानवी कवटीचा भाग सांपडला, तो आजच्या मनुष्याहून भिन्न अशा पूर्वींच्या मानवाचा. आपल्या जातीच्या मनुष्याचे आजवर सांपडलेले सर्वांत जुने अवशेष आफ्रिकेंतील असून ते सुमारें ३ लाख वर्षांपूर्वींचे आहेत.

मग दोहोंत विरोध नाहींच काय? आहे, आणि तो लपविणें प्रामाणिकपणाचें नाहीं. चोवीस तासांचे सहा दिवस व सहा हजार वर्षें, हा अर्थ धरून बसल्यास दगड, हाडें व जनुकें हीं तिन्ही त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. आणखी एक कठीण गोष्ट आहे. आजच्या लोकांच्या जनुकांवरून पाहतां आपले पूर्वज कोणत्याहि काळीं दोघेच नसून कांहीं हजार तरी होते, असें दिसतें. तेव्हां आदाम हा एकच पुरुष समजावा, कीं सर्व मनुष्यजातीचें तें चित्र समजावें, ह्याविषयीं विद्वान ख्रिस्ती लोकांतहि दुमत आहे. तें ह्या अंकांत मिटणार नाहीं. परंतु ह्यामुळें विश्वास धरणाऱ्यास शास्त्रज्ञ होतां येत नाहीं, असें नाहीं. डार्विन ह्यांचे अमेरिकेंतील पुरस्कर्ते वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धाळु ख्रिस्ती होते. आणि मनुष्याच्या जनुकांची सगळी लिपि वाचण्याचें जें काम २००३ सालीं पुरें झालें, त्याचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स हेहि तसेच.

उलटपक्षीं, सृष्टिशास्त्राचें नांव घेऊन मनुष्यास वरखालीं लावणारेहि झाले. इरावती कर्वे १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बर्लिन येथें ऑयगेन फिशर ह्यांच्या हाताखालीं शिकत होत्या. युरोपियनांची कवटी विशेष घडणीची असून त्यांची बुद्धिश्रेष्ठता तींत दिसते, ही त्या गुरूंची कल्पना होती. इरावतीबाईंनीं निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजिल्या, आणि वंशाचा त्या घडणीशीं संबंध आढळत नाहीं, असें आपल्या प्रबंधांत लिहिलें. परक्या देशांत, परीक्षा घेणाऱ्याच्या तोंडावर, एका मराठी स्त्रीनें हें लिहावें, हें धैर्य लहान नव्हे. पुढें जनुकांच्या अभ्यासानें तर त्या वरखालीपणाचा पायाच उखडला. पृथ्वीवरील कोणतीहि दोन माणसें घेतलीं, तरी त्यांच्या जनुकांच्या हजार अक्षरांत सुमारें एकाचाच फरक निघतो.

तरीहि सावध असावें. सर्व मनुष्यें एका मुळाचीं आहेत, हें सृष्टिशास्त्र दाखवूं शकतें. म्हणून त्यांच्याशीं भावासारखें वागावें, ही आज्ञा तें देऊं शकत नाहीं. एका बापाचे भाऊहि बांधासाठीं कोर्टांत जातातच. हातांतील विळा कसा घडला, हें लोहार सांगेल. तो पिकावर चालवावा कीं शेजाऱ्यावर, हें त्याच्या भट्टींत ठरत नाहीं. मनुष्य कसा आला, हें दगड व हाडें ह्यांस विचारावें. तो कोणाचा आहे व आपण त्याचें काय देणें लागतों, हें विचारण्यास दुसऱ्या दारीं जावें लागतें. आपल्या भाषेंत दोहोंसहि शास्त्र म्हणतात, परंतु त्यांचे प्रश्न एक नाहींत.

जानेवारी २०१८ मध्यें त्या वेळचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह ह्यांनीं औरंगाबाद येथील वैदिक संमेलनाच्या प्रसंगीं, वानराचा मनुष्य होतांना आपल्या पूर्वजांपैकीं कोणीं पाहिला नाहीं, सबब डार्विन ह्यांचें मत शाळांतून काढावें, असें म्हटलें. देशांतील तिन्ही विज्ञान अकादमींनीं मिळून त्याचा निषेध केला. पुढें २०२३ सालीं राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग गाळण्यांत आला, तेव्हां अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षक ह्यांनीं पत्र लिहून हरकत घेतली. आपल्यांतील कांहींजणांस अशा वेळीं, बरें झालें, असें वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या समाजास शतकानुशतकें अक्षर शिकूं दिलें नाहीं, त्यानें आपल्या मुलांच्या पुस्तकांतून पान फाडल्याबद्दल आनंद मानावा काय? सत्य देवाचें असेल, तर तें दगडांत सांपडलें म्हणून देवाचें राहत नाहीं, असें होत नाहीं.

तेव्हां उपदेशक बंधूंस व आईबापांस आमची विनंति इतकीच आहे. मुलानें विचारलें, तर त्यास सांगावें कीं, तुझ्या पुस्तकांतील पुरावे नीट समजून घे, आणि मन लावून उत्तर लिही. तुला उत्पन्न करणारा देवच आहे, व त्यानें किती काळ घेतला, हें मोजण्याची बुद्धिहि त्याचीच देणगी आहे. जें तुम्हांस ठाऊक नसेल, तें ठाऊक नाहीं म्हणावें. त्यानें उपदेशकाचा मान कमी होत नाहीं.

आणि ह्याहून मोठी परीक्षा घरांतच आहे. सर्व मनुष्यें एका मातीचीं व देवाच्या प्रतिरूपाचीं, हें आपण व्यासपीठावरून सांगतों. पण सोयरीक जुळवितांना आपल्यांपैकीं पुष्कळजण आधीं जुनी जात विचारितात. ज्या पुरुषसूक्ताच्या शिडीवरून आपण खालीं उतरलों, तीच शिडी मंडळीच्या अंगणांत पुन्हां उभी करावयाची, आणि वाद मात्र डार्विन ह्यांच्याशीं घालावयाचा, हें शोभत नाहीं. उत्पत्तीवर आपला विश्वास किती आहे, हें सहा दिवसांच्या हिशेबावरून कळणार नाहीं. पुढचें लग्न ठरवितांना कळेल.